जनुकाची रचना आणि प्रथिन संश्लेषण

जनुक हा डीएनएचा असा भाग आहे की ज्यातील न्यूक्लिओटाइडांच्या (साखळीतील घटकांच्या) क्रमानुसार पेशीत एखादे प्रथिन, किंवा काही वेळा स्वतःच कार्य करणारा आरएनए, तयार होतो. शालेय पुस्तकांतील आकृत्यांवरून जनुक म्हणजे एक सलग संदेश असावा असा समज होतो. दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) सजीवांबाबत तो बहुधा चुकीचा ठरतो. मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, म्हणजे प्रत्येकासाठी तीन याप्रमाणे तिच्यासाठी ४३८ न्यूक्लिओटाइडे पुरावीत. प्रत्यक्षात ११व्या गुणसूत्रावरील तिचे जनुक सुमारे १,६०० न्यूक्लिओटाइड जोड्यांचे आहे. या जादा लांबीपैकी बहुतेक भाग तीन एक्सॉनांच्या (अंतिम संदेशात राहणाऱ्या भागांच्या) मधे येणाऱ्या दोन इंट्रॉनांनी (संदेशातून छाटल्या जाणाऱ्या भागांनी) व्यापलेला असतो. अशी खंडित रचना १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडिनोविषाणूंत दाखवली.

प्रतिलेखनात, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनताना, आरएनए पॉलिमरेज हे विकर जनुकाच्या आरंभाजवळील प्रवर्तक भागावर बसते आणि डीएनएची एक शृंखला साचा म्हणून वाचते. विद्यार्थी हमखास अडखळतात ते येथेच: आरएनए साच्याला पूरक असल्यामुळे त्याचा क्रम न वाचलेल्या शृंखलेशी जुळतो, फक्त थायमिनच्या जागी युरॅसिल येते. त्यानंतर इंट्रॉन छाटले जाऊन एक्सॉन जोडले जातात, दोन्ही टोकांना संरक्षक भाग लागतात आणि मगच हा एमआरएनए (संदेशवाहक आरएनए) केंद्रकाबाहेर पडतो. जीवाणूंना केंद्रकच नसल्याने तेथे प्रतिलेखन संपण्यापूर्वीच रायबोसोम (प्रथिन जोडणारे पेशीतील कण) कामाला लागतात.

भाषांतरणात, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनताना, रायबोसोम एमआरएनएवरील तीन-तीन न्यूक्लिओटाइडांचे कोडॉन क्रमाने वाचतो आणि पूरक प्रतिकोडॉन असलेले टीआरएनए (वाहक आरएनए) त्या त्या कोडॉनचे अमिनो आम्ल आणून देतात. ६४ कोडॉनांपैकी ६१ अमिनो आम्लांचे असून उरलेले ३ साखळी थांबवतात. केवळ युरॅसिल असलेल्या कृत्रिम आरएनएपासून फक्त फेनिलअ‍ॅलनिनची साखळी बनते, हे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख माथाई यांनी १९६१ मध्ये दाखवले व कोणता कोडॉन कोणत्या अमिनो आम्लाचा हा संकेत उलगडू लागला. या कार्यासाठी १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग, हरगोविंद खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून मिळाले.

बहुतेक अमिनो आम्लांना एकाहून अधिक कोडॉन असतात, म्हणून उत्परिवर्तनाचा परिणाम त्याच्या जागेवर अवलंबून राहतो. बीटा ग्लोबिनमधील जीएजी (प्रत्येक अक्षर एका न्यूक्लिओटाइडाचे) या कोडॉनचा जीएए झाला तरी ग्लुटामिक आम्लच येते. मात्र मधल्या अक्षराच्या बदलाने जीयूजी झाला की व्हॅलिन येते, आणि जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असल्यास सिकलसेल आजार होतो. हे स्थान सहसा सहावे म्हणून सांगितले जाते, कारण आरंभीच्या एयूजी कोडॉनने आणलेले मेथिओनिन नंतर काढून टाकले जाते. एमआरएनएवर मोजल्यास तो कोडॉन सातवा येतो.