दुखापतीची सक्तीची खबर (कौटुंबिक हिंसा)

घरातील मारहाणीत जखमी झालेली प्रौढ व्यक्ती उपचारांसाठी आली, की तिची इच्छा असो वा नसो, पोलिसांना कळवण्याचे जे बंधन काही कायदे डॉक्टर व परिचारिकांवर घालतात, त्याला दुखापतीची सक्तीची खबर म्हणता येईल. अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने एकाच प्रकारच्या जखमेला राज्यागणिक वेगळा नियम लागू होतो. बंदुकीची गोळी लागल्याची जखम बहुतेक राज्यांत कळवावीच लागते. खरा मतभेद आहे तो काळ्यानिळ्या वळांबाबत.

सर्वांत कडक नियमांत कॅलिफोर्नियाचा समावेश होतो. तेथील दंड संहितेच्या कलम १११६० नुसार जखम मारहाणीची असल्याचा नुसता संशय आला, तरी उपचार करणाऱ्याने शक्य तितक्या लवकर पोलिसांना दूरध्वनी करायचा आणि कामकाजाच्या दोन दिवसांत लेखी अहवाल पाठवायचा असतो. जखमी व्यक्तीचे नाव, तिचा ठावठिकाणा, जखमेचे स्वरूप आणि तिने सांगितले असल्यास मारणाऱ्याचे नाव, एवढे सारे त्या अहवालात येते. कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याउलट न्यू हॅम्पशायरमध्ये अठरा वर्षांवरील पीडितेने हरकत घेतली आणि जखम गोळीची किंवा गंभीर नसली, तर खबर देण्याचे बंधन उरत नाही. कोलोरॅडोनेही २०१७ मध्ये अशीच सवलत दिली. केंटकीने त्याच वर्षी आपला जुना सर्वंकष नियम मोडीत काढून, पीडितेला मदतीची माहिती द्यावी आणि तिने सांगितल्यास पोलिसांना कळवावे, अशी व्यवस्था आणली.

सक्तीच्या बाजूने सांगितले जाते, की तक्रारीचा भार बाईच्या डोक्यावरून उतरतो. पण पोलीस दारात आल्यावर नवऱ्याचा राग निघतो तो तिच्यावरच, आणि पुढच्या खेपेस ती ‘न्हाणीघरात घसरले’ म्हणते किंवा दवाखान्यात येतच नाही. हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो.

भारतात रुग्णालये अशा जखमांची ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंद करतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ ने मात्र पोलिसांखेरीज संरक्षण अधिकाऱ्याची, म्हणजे पीडितेच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची, वेगळी वाट ठेवली. २००६ च्या नियमांप्रमाणे घटना अहवाल, म्हणजे घरातील हिंसेची ठरावीक नमुन्यातील नोंद, नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तो झालेला नसल्यास रुग्णालयानेच भरून त्या अधिकाऱ्याकडे धाडायचा असतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने त्याआधीच रुग्णालयात समुपदेशनाची सोय केली होती.