लिनक्स सुरू होतानाच्या मॉड्यूल-त्रुटी

लिनक्सचा संगणक सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) लागणारे एखादे मॉड्यूल मेमरीत चढले नाही, तर पडद्यावर जो संदेश उमटतो त्याला मॉड्यूल-त्रुटी म्हणतात. सर्वांत ओळखीची ओळ म्हणजे लाल ‘फेल्ड’ खुणेपुढचे ‘फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स’. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही असो, ही ओळ दिसली की तालुक्याच्या दुकानात बरेचदा एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ त्याची गरज क्वचितच असते. हंगामभराचा हिशेब त्यात हकनाक जातो, म्हणून हा संदेश वाचता येणे फार महत्त्वाचे आहे.

मॉड्यूल म्हणजे कर्नलला चालू स्थितीत जोडता येणारा तुकडा. नेटवर्क कार्ड, वायफाय, ध्वनी, डिस्क यांचे ड्रायव्हर बहुधा याच रूपात असतात. या फायली ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीत राहतात आणि तिथे प्रत्येक कर्नल-आवृत्तीचा कप्पा वेगळा असतो. बहुतेक त्रुटींचे मूळ या वेगळ्या कप्प्यांतच सापडते. डिस्क ओळखण्यापुरती मॉड्यूल्स इनिट्रॅमएफएस नावाच्या छोट्या गठ्ठ्यात आधीच बांधलेली असतात. पुढे यूडेव्ह हा उपकरणे ओळखणारा प्रोग्रॅम हार्डवेअर पाहून बाकीची मॉड्यूल्स मागवतो. शिवाय सिस्टमडी या, संगणक सुरू होताना सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची एक सेवा ‘एटसी’मधल्या ‘मॉड्यूल्स-लोड-डी’ या डिरेक्टरीतल्या याद्या वाचून त्यांतली नावे चढवते. वरची ‘फेल्ड’ची ओळ या सेवेची असते. यादीतले एक नाव अडले तरी ती उमटते, पण नेमके कोणते नाव अडले हे ती सांगत नाही.

ते नोंदीत मिळते. टर्मिनलवर ‘जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड’ असे विचारले की मॉड्यूलचे नाव आणि कारण दोन्ही समोर येतात. कर्नलचे स्वतःचे म्हणणे ‘डीमेसेज’ दाखवते. शेवटच्या ओळीकडे न पाहता पहिली तक्रार शोधावी, कारण पुढच्या तक्रारी पुष्कळदा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

सावदा-रावेर पट्ट्यातल्या एखाद्या वजनकाट्याचे उदाहरण घेऊ. काट्याच्या डिस्प्लेवरचा आकडा सिरियल केबलने संगणकात येतो. सिरियल कार्डाचा ड्रायव्हर कुणीतरी कधीकाळी हाताने कंपाइल करून बसवला आणि त्याचे नाव यादीत लिहून ठेवले. पुढे कर्नल अपडेट झाला. जुना ड्रायव्हर जुन्या कप्प्यातच राहिला, नव्या कप्प्यात तो नाही. सकाळी ‘फेल्ड टू फाइंड मॉड्यूल’ असे येते, काट्यावर केळीचा ट्रक उभा असतो आणि स्क्रीनवर वजन येत नाही. अशा वेळी ‘यूनेम -आर’ने चालू आवृत्ती पाहावी, त्या कप्प्यात फाइल आहे का ते तपासावे आणि ड्रायव्हर पुन्हा बांधावा. ड्रायव्हर बांधून देणाऱ्या डीकेएमएस या साधनात नोंदवून ठेवला तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधला जातो. मात्र त्या कर्नलची हेडर पॅकेजेस (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) बसवलेली हवीत. आणि कार्ड काढून यूएसबी कन्व्हर्टर लावला असेल, तर यादीतली ती ओळ खोडायची, एवढेच काम. प्रचलित कन्व्हर्टरचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि यूडेव्ह ते स्वतः चढवतो.

जुन्या कर्नलसाठी बांधलेली फाइल नव्या कप्प्यात नुसती कॉपी करणे हा चुकीचा मार्ग आहे. तेव्हा ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. ‘अननोन सिम्बॉल’चा अर्थ, ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर हे अवलंबून आहे ते चढलेले नाही किंवा त्याची आवृत्ती जुळत नाही. मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञांपैकी ‘इन्समॉड’ अवलंबित्व पाहत नाही, ‘मॉडप्रोब’ पाहतो. त्याला लागणारी यादी ‘डेपमॉड -ए’ नव्याने तयार करते. कॉलेजच्या लॅबमध्ये आभासी यंत्रांसाठीचे केव्हीएम अडले, तर आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहावे.

‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ हा संदेश सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा. मॉड्यूल ठीक असते, पण त्यावर मान्य सही नसते. ‘मोकयूटिल’ने आपली किल्ली नोंदवून संगणक पुन्हा सुरू केला की एक निळा पडदा येतो आणि नोंदवताना दिलेला पासवर्ड मागतो. तो थोडाच वेळ थांबतो. घाईत पुढे गेल्यास किल्ली नोंदली जात नाही.

मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तशी वीजही जाते. संगणकाच्या बिघाडाचा दोष मात्र उन्हाला दिला जातो. भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला म्हणून मॉड्यूल हरवत नाही; अपडेट चालू असताना वीज गेली तर मात्र नव्या कर्नलचा कप्पा किंवा इनिट्रॅमएफएस अर्धवट राहू शकतो. मग डिस्कच सापडत नाही आणि संगणक ‘इनिट्रॅमएफएस’ लिहिलेल्या प्रॉम्प्टवर थांबतो किंवा कर्नल पॅनिक होतो, म्हणजे कर्नलच बंद पडतो. या अवस्थेतही माहिती बहुधा सुखरूप असते. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडायच्या मेनूच्या, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडावा. उबुंटू किंवा डेबियनवर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने अर्धवट अपडेट पूर्ण करावे आणि ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’ने गठ्ठा पुन्हा बांधावा. फेडोरावर हेच काम ड्रॅकट करतो. बूटचे विभाजन भरले असेल तर आधी जुने कर्नल काढावे लागतात, पण चालू आहे तो सोडून.

एखादे मॉड्यूल चढतानाच संगणक गोठत असेल, तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=’ आणि त्याचे नाव लिहावे. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. कायमचा करायचा तर ‘ब्लॅकलिस्ट’ या शब्दापुढे नाव लिहून ती ओळ ‘मॉडप्रोब-डी’मधल्या फाइलीत टाकून इनिट्रॅमएफएस नव्याने बांधावा, नाहीतर गठ्ठ्यातली जुनी प्रत ते मॉड्यूल पुन्हा चढवू शकते.