नाक घासून पिल्लू शिकत नाही

सांगली-मिरजेत अजून सर्रास सल्ला मिळतो: पॉमेरेनियन या छोट्या जातीच्या कुत्र्याच्या पिल्लानं घरात शू केली की त्याचं नाक त्यात घासा. कृपा करून हे करू नका. मघाशी केलेली शू आणि आताची शिक्षा यांचा संबंध त्याला लागत नाही. माणसासमोर शू करणं धोक्याचं, एवढंच ते शिकतं. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं आणि लोक म्हणतात, ‘मुद्दाम करतंय.’

छोट्या जातीचं मूत्राशयही छोटं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा साधारण दोन तासांहून जास्त धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच ठरलेल्या जागी न्या. लादी हुंगत गोल फिरू लागलं तरीही. शू झाली की तिथंच खाऊ द्या, घरात आल्यावर नव्हे. घरात झालीच तर एन्झाइमवाल्या, म्हणजे शूचा वास मुळातून घालवणाऱ्या क्लीनरनं पुसा. नुसत्या फिनाइलनं आपल्याला वास येत नाही, त्याला येतो, आणि ते पुन्हा तिथंच करतं.