ओबामांनी प्रार्थना दिन रद्द केला होता का?

नाही. तरीही ‘ओबामांनी अमेरिकेचा राष्ट्रीय प्रार्थना दिन बंद केला’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

हा दिवस राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर नाहीच. 1952 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. 1988 मध्ये रेगन यांच्या काळात मे महिन्याचा पहिला गुरुवार ठरला. दरवर्षी घोषणापत्र काढणं कायद्यानेच राष्ट्राध्यक्षावर बंधनकारक आहे, आणि ओबामांनी ते आठही वर्षं काढलं. 2009 मध्ये बदललं ते एवढंच: धाकट्या बुश यांच्या काळात व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये दरवर्षी होणारा सोहळा ओबामांनी ठेवला नाही. तो सोहळा कायद्यात कुठेच नाही.

अफवेला खतपाणी मिळालं एप्रिल 2010 मध्ये. विस्कॉन्सिनमधल्या संघीय न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. पण त्याविरुद्ध अपील कुणी केलं? ओबामांच्याच सरकारने! 2011 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दावा लावणाऱ्यांना तसा अधिकारच पोचत नाही, असं कारण देऊन. एखाद्याच्या श्रद्धेवर शंका घेणारा मजकूर पुढे पाठवण्याआधी निदान त्या वर्षीचं घोषणापत्र तरी बघा, ते सरकारी दप्तरात सगळ्यांसाठी खुलं आहे.