मदरशाची सनद नोकरीपासून कशी तुटली

मदरशांत गणित-विज्ञान शिकवा, म्हणजे तिथल्या मुलांना रोजगार मिळेल, असे गेली तीसेक वर्षे सांगितले जाते. मात्र हा अभ्यासक्रम एके काळी थेट नोकरीलाच जोडलेला होता. ती जोड कशी तुटली हे पाहिल्याशिवाय सुधारणेचा पेच कळत नाही.

लखनौच्या फिरंगी महलात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुल्ला निजामुद्दीन यांनी 'दर्स-ए-निजामी'ची घडी बसवली. त्यात अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, भूमिती आणि फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदा, हे विषय होते. तर्कशास्त्राचे ग्रंथ तर इतके होते की हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, वाट्याला फारच थोडे आले. हे शिकलेला तरुण काझी, मुफ्ती (कायद्यावर मत देणारा) किंवा दरबारी अधिकारी होई. कंपनी सरकारलाही अशी माणसे हवी होती, म्हणून वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये कलकत्त्यात मदरसा काढला.

मग दोन घाव बसले. १८३७ मध्ये कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी, म्हणजे तोवरची कामकाजाची भाषा, गेली. १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतली मुस्लिम कायदा सांगणाऱ्या अधिकाऱ्यांची पदेही रद्द झाली. शिकून जायचे कुठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, देवबंदचे दारुल उलूम सुरू झाले. ठरलेले वर्ग, वार्षिक परीक्षा आणि ग्रंथालय ही व्यवस्था त्याने इंग्रजी संस्थांसारखी ठेवली, पण सरकारी पैसा घ्यायचा नाही, लोकांच्या देणगीवर चालायचे, हे तत्त्व पक्के केले. अभ्यासाचा भर हदीसवर गेला. आजही शेवटचे वर्ष 'दौरा-ए-हदीस'चे असते. संस्थापक कासिम नानौतवी यांचा आधुनिक विद्येला विरोध नव्हता. दोन्ही एकदम शिकवले तर दोन्ही कच्चे राहतील, म्हणून विद्यार्थ्याने इथले संपवून मग सरकारी विद्यालयात जावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढचा तो टप्पा कोणी बांधलाच नाही, हे मला या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. १८९० च्या दशकात नदवतुल उलमा या धर्मपंडितांच्या संस्थेने दोन्ही विद्यांचा मेळ घालायला घेतला. विद्वान शिबली नोमानींनी तिथे इंग्रजी आणली, पण अंतर्गत वादांत १९१३ मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा सरकारी प्रयत्न १९९३-९४ चा. केंद्राने मदरशांना विज्ञान, गणित, इंग्रजीचे शिक्षक देऊ केले. पुढे मानधन पदवीधराला महिना ६,००० आणि पदव्युत्तर किंवा बी.एड. झालेल्याला १२,००० रुपये होते. उत्तर प्रदेशात केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे थकला, शिक्षक गळाले आणि २०२२ मध्ये योजनाच थांबली. देवबंदी धाटणीच्या बहुतेक मदरशांनी तत्त्व म्हणून ही मदत घेतलीच नव्हती.

खरी अडचण वयाच्या हिशेबात आहे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा हिफ्जला, म्हणजे कुराण मुखोद्गत करायला, बसतो. त्यात तीनेक वर्षे जातात. बाराव्या वर्षी तो हाफिज होतो, पण शाळेच्या लेखी तिसरी-चौथीतच असतो. पुढे आलिमीयतची, म्हणजे धर्मपंडित होण्याच्या अभ्यासक्रमाची, सात-आठ वर्षे धरली की विशीत सनद हातात येते, पण दहावीचे प्रमाणपत्र नसते. पोलीस भरती असो की आयटीआय, अर्जाच्या पहिल्याच रकान्यात तो अडतो. दिवसाच्या शेवटी थकलेल्या वर्गात गणिताचा एक तास घातला म्हणून हे सुटत नाही, कारण त्या तासाच्या शेवटी बोर्डाची परीक्षा नसते.

म्हणून मुक्त शाळेचा, म्हणजे घरी अभ्यास करून बोर्डाची परीक्षा देऊ देणाऱ्या केंद्राच्या एनआयओएस मंडळाचा, मार्ग जास्त उपयोगी पडला. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येते, पाच विषय पुरतात, त्यांत उर्दू आणि अरबी निवडता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. घसरतात ती मुले बहुधा गणितात, कारण अपूर्णांकापासूनचा पायाच राहिलेला असतो. मदरशातून आलेल्यांना विद्यापीठात सामावून घेण्यासाठी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ मध्ये ब्रिज कोर्स सुरू केला.

महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने वेगळी वाट धरली. गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी मदरशाच्या जोडीने आयटीआय, फार्मसी, अभियांत्रिकी उभे केले. म्हणजे नानौतवींचा तो दुसरा टप्पा एकाच आवारात आला. राज्य सरकारने २०१३ मध्ये डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली, तिच्यातले डी.एड. शिक्षकांचे मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये ६,००० वरून १६,००० आणि बी.एड.वाल्यांचे ८,००० वरून १८,००० करण्याचा निर्णय झाला.

त्याच वर्षी सनदेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा मंडळ कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्चमध्ये रद्द केला होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, मात्र कामिल (पदवी) आणि फाजिल (पदव्युत्तर) या मंडळाच्या पदव्या वगळून. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याखाली येतो, तो मंडळाला नाही. त्यामुळे मंडळाशी जोडलेल्या मदरशांत बारावीच्या पातळीच्या आलिम परीक्षेपर्यंतचा जिना शाबूत आहे. वरच्या पायऱ्यांसाठी विद्यार्थ्याला विद्यापीठाचेच दार ठोठावावे लागते.