धान, कापूस आणि ‘आपले लोक’

रेल्वे, बस आणि रूळ. या तिघांतून जवळची वाटणारी दोन निवडायची. फार विचार करायचा नाही.

कुणी रेल्वे आणि बस म्हणतो, कारण दोन्ही वाहनं. कुणी रेल्वे आणि रूळ म्हणतो, कारण रुळांवाचून रेल्वे हलणार कशी? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि म्हणूनच मानसशास्त्रज्ञांना ही चाचणी आवडते. पहिल्या उत्तरात वस्तू तिच्या जागेवरून उचलून प्रकाराच्या खणात ठेवलेली असते. दुसऱ्यात तिचं रोज ज्याच्याशी काम पडतं, त्याच्याशी असलेलं नातं पाहिलेलं असतं. व्यक्तिकेंद्री समाजात वाढलेली माणसं पहिल्या उत्तराकडे जास्त झुकतात आणि समूहकेंद्री समाजातली दुसऱ्याकडे, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

एवढ्यावर ‘पश्चिमेकडचे मीवाले, पूर्वेकडचे आम्हीवाले’ असं म्हणून मोकळं होता येतं. बरेच जण होतातही. पण 2014 साली थॉमस टॅलहेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जो अभ्यास छापला, त्यानं ही सोय मोडून टाकली. चीनमधल्या सहा ठिकाणच्या 1,162 हान (चीनमधला बहुसंख्य समाज) विद्यार्थ्यांना त्यांनी अशा चाचण्या दिल्या. देश एक, लिपी एक, सरकार एक. उत्तरं मात्र दोन तऱ्हांची आली. यांगत्से नदीच्या दक्षिणेला, भातशेतीच्या मुलखात वाढलेले विद्यार्थी नात्याच्या जोड्या जास्त लावत होते आणि उत्तरेच्या गव्हाच्या मुलखातले प्रकाराच्या. स्वतःला आणि मित्रांना वर्तुळांनी दाखवा म्हटल्यावर गव्हाकडचे स्वतःचं वर्तुळ मित्रांपेक्षा थोडं मोठं काढत होते, भाताकडचे जवळपास तेवढंच. यांतली बहुतेक मुलं कधी चिखलात उतरलेलीही नसतील. तरी आजोबा-पणजोबांचं पीक त्यांच्या पेन्सिलीपर्यंत पोचलं होतं, असा संशोधकांचा दावा.

दाव्यामागचं कारण साधं आहे. भाताला पाणी लागतं, पाण्याला कालवे आणि बांध लागतात, आणि ते एकट्यानं होत नाहीत. शिवाय गव्हाच्या मानानं भाताला साधारण दुप्पट मेहनत पडते. शेजाऱ्याशी बिघडवून घेणं भातवाल्याला परवडत नाही.

हे समजून घ्यायला नागपूरकराला चीनला जायची गरज नाही. आपलं शहर बसलंय तेच मुळी अशा सीमेवर. भंडारा रोडनं निघालं की मौद्याच्या आसपास धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांध्या (बांध घातलेली खाचरं) लागतात आणि पुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंत त्या सोबत करतात. अमरावती रोडनं निघालं तर काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, वाटेत संत्र्याच्या बागा. पावसाचा हिशेबही तसाच: गडचिरोलीकडे वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या वर, अकोल्याकडे 800 च्या आगेमागे, आणि नागपूर दोघांच्या मध्ये.

धानाचं काम पाहिलं की टॅलहेल्म यांचा मुद्दा डोळ्यांपुढे येतो. आधी पऱ्हे (रोपं) टाकायचे, ते तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवायचे. रोवणीचे दिवस थोडे, आणि ते सगळ्या गावाचे एकदमच येतात. माणसं आज तुमच्या बांधीत, तर उद्या माझ्या. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, म्हणजे वरच्यानं कधी सोडायचं यावर खालच्याचं पीक ठरतं. त्याच्याही वर तलाव. पूर्व विदर्भातले हजारो माजी मालगुजारी तलाव (बोलीभाषेत मामा तलाव) ही पाण्याच्या वाटपाची जुनी व्यवस्था. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार होता. नवेगावबांधचा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. तलावाची पाळ फुटली तर एकाचं शेत जात नाही, शिवार जातं.

पश्चिमेला कोरडवाहू कापूस. पाऊस वरून पडतो, शेजाऱ्याच्या शेतातून यावा लागत नाही. बियाणं कृषी केंद्रातून, माल जिनिंगला, कर्ज आपल्या नावावर. इथे काही जण लगेच पुढची उडी मारतात आणि पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचं कारण ‘एकटेपणाच्या पिकात’ शोधतात. मला ते पटत नाही. कर्ज, भाव आणि बेभरवशाचा पाऊस ही ठळक कारणं समोर असताना मानसशास्त्राला मधे आणणं म्हणजे दोष हळूच शेतकऱ्याच्या स्वभावावर ढकलणं आहे.

मुळात हा सिद्धांत विदर्भावर जसाच्या तसा बसवतानाच अडचण येते. इर्जिक आणि सावड या पद्धती भाताच्या मक्तेदारीतल्या नव्हत्या. ज्वारीच्या रानातही माणसं एकमेकांच्या कामाला जात. आणि धानाच्या गावात सगळे मिळून काम करत म्हणताना, चिखलात वाकलेलं कोण आणि पाळीवर उभं कोण, हे विचारायला लागतं. मालगुजार सारा गोळा करणारा होता, जमिनीचा धनी होता. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कित्येक तलावांत गाळ साचत गेला. पाणी सामायिक होतं, पण ते कोणी आणि कोणत्या हक्कानं सामायिक ठेवलं होतं, हे भाताच्या रोपाला विचारून कळत नाही.

चीनमध्येही शंका निघाल्याच: उत्तर आणि दक्षिण यांच्यात फक्त पिकाचा फरक थोडाच आहे? हवामान वेगळं, इतिहास वेगळा. त्यावर 2024 साली टॅलहेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक नामी तोड काढली. निंगशिया प्रांतात दोन सरकारी शेतं एकमेकांपासून फार लांब नाहीत. सरकारनं माणसं जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखी तिथे पाठवली होती. एका शेतात भात पिकत होता, दुसऱ्यात गहू. माणसांनी पीक निवडलं नव्हतं, तरी भातवाल्यांचा कल नात्यांकडे अधिक निघाला. शंका पूर्ण मिटली असं कुणी म्हणणार नाही, पण सिद्धांताला आधार मिळाला.

आपल्याकडचा मला सर्वांत बोलका वाटणारा अभ्यास याच्या कितीतरी आधीचा, 1984 चा आहे. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्या माणसांनी केलेल्या चांगल्या-वाईट गोष्टी सांगायला लावल्या आणि विचारलं: तो असा का वागला? त्यातली एक घटना अशी. मोटरसायकलवर मागे बसलेला माणूस अपघातात जखमी होतो. चालवणारा वकील त्याला दवाखान्यात सोडतो आणि कोर्टात निघून जातो. पुढे जखमी माणूस दगावतो. अमेरिकी माणसाचा ओढा वकिलाच्या स्वभावाकडे: बेजबाबदार, स्वार्थी. भारतीयाचा ओढा प्रसंगाकडे: कोर्टात अशील वाट पाहत होता, तेही त्याचं कर्तव्यच, जखम तेवढी गंभीर वाटली नसेल. खरी गंमत मुलांच्या उत्तरांत होती. आठ वर्षांच्या अमेरिकी आणि भारतीय मुलांमध्ये असा मोठा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे माणसाकडे पाहण्याची ही रीत जन्मानं येत नाही. ओसरीवर, वर्गात, लग्नाच्या पंगतीत मोठ्यांचं बोलणं ऐकत ती मुरते.

इथवर सगळं ‘मनाच्या घडणी’च्या भाषेत चाललं होतं. जपानी मानसशास्त्रज्ञ तोशिओ यामागिशी यांनी या भाषेलाच टाचणी लावली.

त्याआधी 1999 साली ही-जुंग किम आणि हेझल मार्कस यांनी विमानतळावर लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि बक्षीस म्हणून पाच पेनांतून एक उचलायला सांगितलं. पाचांत काही एका रंगाची, बाकीची दुसऱ्या. अमेरिकी गोऱ्यांतल्या बहुतेकांनी कमी संख्येच्या रंगाचं पेन घेतलं. पूर्व आशियाई लोकांतल्या बहुतेकांनी जास्त संख्येच्या रंगाचं. निष्कर्ष: एकाला वेगळं उठून दिसणं आवडतं, दुसऱ्याला चारचौघांसारखं असणं. यामागिशींनी विचारलं, आवडतं की सोयीचं पडतं? त्यांनी परिस्थिती स्पष्ट केली. पाच जणांत पहिले तुम्हीच निवडताय, असं सांगितलं तेव्हा अमेरिकीही ते वेगळ्या रंगाचं एकटं पेन सोडून देऊ लागले. शेवटचे तुम्हीच आहात, आता मागे कोणी नाही, असं सांगितलं तेव्हा जपानीही ते बिनदिक्कत उचलू लागले. दोन देशांतला फरक जवळपास विरला.

ताटात राहिलेल्या शेवटच्या संत्रा बर्फीचं जे होतं, तेच हे. सगळ्यांनाच ती हवी असते आणि हात कुणाचाच जात नाही. पाहुणे उठून आत गेले की घरातल्या कुणाची आवड कोणती, ते लगेच कळतं. समूहकेंद्री समाजात माणसाला स्वतःची आवड नसते असं नाही. कोण पाहतंय हे माहीत नसेल तर सावध राहायचं, ही तिथली शहाणी सवय असते.

यामागिशींचा 1988 चा प्रयोग आणखी झोंबणारा आहे. अनोळखी माणसांचे छोटे गट, प्रत्येकाकडे थोडे पैसे. ते सामायिक पोत्यात घालायचे की खिशात ठेवायचे, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. पोत्यात घातले तर फायदा सगळ्यांना वाटून. कोणी पाहत नाही, दंड नाही. अशा वेळी जास्त पैसे अमेरिकी लोकांनी घातले, जपानी लोकांनी कमी. समूहासाठी झिजणारा समाज म्हणून ज्याची ख्याती, तोच देखरेख उठताच आखडला. यामागिशींचा अर्थ असा: जिथे सहकार्य परस्परांच्या नजरेवर उभं असतं, तिथे नजर नसलेल्या अनोळखी माणसावर विश्वास टाकायची सवय कमी लागते.

समूहकेंद्री म्हणजे परोपकारी, हा आपला आवडता गैरसमज आहे. ‘आम्ही’ मोठा असला की कुंपणही पक्कं असतं. आपल्या माणसासाठी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात रात्रभर बसणारा माणूस फ्लॅट भाड्यानं देताना आडनाव विचारतो. दोन्ही वागणुकी एकाच झाडाच्या. हॅरी ट्रायंडिस या संशोधकानं म्हणूनच समूहवादाचे आडवा आणि उभा असे दोन प्रकार मानले. आडव्यात सगळे सारखे. उभ्यात प्रत्येकाची पायरी ठरलेली, आणि समूहासाठी त्याग कोणत्या पायरीनं करायचा हेही ठरलेलं. जात ही उभ्या समूहवादाची पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आकृती आहे.

हे ज्यानं नेमकं ओळखलं, त्या माणसाचं नाव नागपुरात वेगळं सांगायला नको. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की, मसुद्यानं गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला घटक मानलं याचा त्यांना आनंद आहे. गावगाड्याचं कौतुक करणाऱ्यांना ते अजूनही टोचतं. पण त्याच आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंच्या समुदायाला दिली. तिथल्या 22 प्रतिज्ञा एकेका माणसानं स्वतःच्या नावानं करायच्या आहेत, आणि त्या म्हटल्या गेल्या एका सुरात. हा व्यक्तिवाद की समूहवाद? जन्मानं मिळालेला समूह सोडून निवडलेल्या समूहात जाण्यासाठी आधी माणूस सुटा व्हावा लागतो, एवढं त्यावरून दिसतं. दोन टोकांच्या पट्टीवर या घटनेला जागा सापडत नाही.

अशी पट्टी ज्यांच्यामुळे जगभर रूढ झाली, ते डच संशोधक गीर्ट हॉफस्टीड. 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या त्यांच्या हाती होत्या. त्यांच्या मूळ यादीत व्यक्तिवादाचे गुण अमेरिकेला 91, जपानला 46, ग्वाटेमालाला 6. भारताला 48. व्यवस्थापनाच्या वर्गात हा आकडा अजून फळ्यावर लिहिला जातो. तो काढताना भारताच्या वतीनं बोलले ते आयबीएमचे कर्मचारी; त्या काळात एवढ्या निवडक नोकरीतली माणसं ती किती, आणि रोवणीला जाणारं त्यांत कोण असणार! जपानचं म्हणाल तर, डाफ्ना ऑयझरमन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा जपानी लोक अमेरिकींपेक्षा ठळकपणे समूहवादी निघालेच नाहीत.

शिवाय हे आकडे जागचे हलतात. 78 देशांची 51 वर्षांची माहिती घेऊन 2017 साली झालेल्या अभ्यासात व्यक्तिवाद जगभरात सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि त्यामागे सर्वांत मोठं कारण शिक्षण, उत्पन्न आणि नोकऱ्यांचं स्वरूप बदलणं हे होतं. धरमपेठेतल्या जुन्या घराचे मनीष नगरात तीन फ्लॅट होतात, मुलगा पुण्याला जातो, तेव्हा हेच घडत असतं. त्यात कुणाचे संस्कार कमी पडलेले नसतात.

दुर्गानंद सिन्हा आणि आर. सी. त्रिपाठी यांनी 1994 साली भारतीय विद्यार्थ्यांपुढे रोजचे प्रसंग ठेवले आणि तीन पर्याय दिले: स्वतःच्या मनाचं करायचं, समूहाचं ऐकायचं, की दोन्हींचा मेळ घालायचा. बहुतेकांनी तिसरा पर्याय घेतला. 48 या आकड्यानं वाटतं तसं भारतीय माणूस मधोमध उभा नसतो, प्रसंग पाहून तो दोन्हीकडे जातो. मिहानमधल्या (नागपूरचं नवं उद्योगक्षेत्र) आयटी कंपनीतली एखादी मुलगी नोकरी स्वतः बदलते आणि घरी नुसतं कळवते. फ्लॅट घेताना मात्र वडील, काका आणि बांधकामातला कुणी मावसभाऊ जागा पाहून आल्याशिवाय टोकनचा रुपया देत नाही.

व्हिव्हियन व्हिग्नोल्स आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 33 देशांतले 55 समाजगट तपासले, तेव्हा ‘मी’ आणि ‘आम्ही’ अशी एकच पट्टी त्यांना पुरली नाही, सात निघाल्या. निर्णय कोण घेतो ही एक, अडचणीत भार कुणावर टाकतो ही दुसरी, चारचौघांत मन किती उघडं करतो ही आणखी एक. एखाद्या समाजाला एका पट्टीवर वरचे गुण आणि दुसरीवर खालचे, असं सर्रास दिसलं. मिहानच्या त्या मुलीलाही निर्णयाच्या रकान्यात वेगळे गुण पडतील आणि आधाराच्या रकान्यात वेगळे.