इग्बा-बोई

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो समाजात पोराला धंदा शिकवून पुढे त्याच धंद्यात उभे करून देण्याची जी पद्धत आहे, तिला इग्बा-बोई म्हणतात. मुलगा काही वर्षे एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी राहतो आणि पगार न घेता राबतो. मुदत भरली की तो व्यापारी त्याला दुकान थाटण्यापुरते भांडवल देतो. ‘बोई’ म्हणजे इंग्रजीतला ‘बॉय’च, आपल्याकडच्या दुकानातल्या ‘पोऱ्या’सारखा. मराठीत उमेदवारी म्हटले की हल्ली निवडणूक आठवते, पण या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे काम शिकण्यासाठी कुणाच्या हाताखाली फुकट राबणे, इग्बा-बोईला नेमका लागू पडतो. फरक एवढाच की आपल्या उमेदवाराला शेवटी फार तर नोकरी मिळे. इथे शेवटी दुकान मिळायचे असते.

मालकाला ‘ओगा’ म्हणतात. तो बहुधा नात्यातला, निदान गावातला असतो. मुलगा साधारण तेरा-चौदा ते विशीच्या दरम्यानचा, आणि मुदत पाच ते आठ वर्षांची. करार तोंडी. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, तिथे मानाचे समजले जाणारे कोलाचे फळ फोडून वाटले जाते, मुदत ठरते. बोलणी दोन माणसांची नसून दोन घरांची असते. उद्या पोराने गल्ल्यावर हात मारला तर ओगा त्याच्या बापाला जाब विचारणार, आणि ओगाने शब्द फिरवला तर गावचे लोक ओगाला विचारणार. कागद नसलेल्या या कराराला जोर आहे तो एवढाच.

इग्बोंमध्ये शिकाऊपणाचे आणखीही प्रकार आहेत. ‘इमू-अहिया’त शिकणारा ओगाला शिकवणीचे पैसे देतो, आपल्या घरी राहतो आणि शेवटी भांडवलाची अपेक्षा ठेवत नाही. शिवणकाम, गॅरेजकाम अशा हाताच्या कामांचे शिक्षण त्याहून वेगळे. इग्बा-बोई आहे ती ज्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी. ते आपली वर्षे देतात. मुख्यतः मुलांचीच ही वाट. बाजारात बायका कमी नाहीत, पण त्यांचा धंद्यात शिरण्याचा रस्ता निराळा.

सुरुवातीला पोऱ्याच्या वाट्याला येतात घरातली कामे: ओगाची गाडी धुणे, पाणी भरणे, ‘मॅडम’ची, म्हणजे ओगाच्या बायकोची, सांगकामे. मग दुकान झाडणे, माल चढवणे-उतरवणे, हळूहळू भाव आणि गिऱ्हाईक ओळखणे. खरी परीक्षा गिऱ्हाइकाने दुकानात नसलेली वस्तू मागितली की होते. नाही म्हणायचे नसते. त्याला स्टुलावर बसवायचे, मागच्या गल्लीतल्या दुकानातून ती वस्तू धावत जाऊन उचलून आणायची, वर आपला भाव चढवून विकायची आणि संध्याकाळी त्या दुकानदाराचे पैसे पोचते करायचे. या धावपळीला ‘ओसो-अहिया’ म्हणतात; ‘ओसो’ म्हणजे धावणे, ‘अहिया’ म्हणजे बाजार. स्वतःचा एक नगही नसलेली कित्येक माणसे केवळ यावर घर चालवतात. शेजारच्या दुकानदाराने माल विश्वासाने हातात ठेवणे हीच इथली पत.

मुदत संपल्यावर जे मिळते त्याला सगळे ‘सेटलमेंट’ म्हणतात. रोख रक्कम, थोडा माल, दुकानाचे काही महिन्यांचे भाडे, कधी ओगाच्या पुरवठादारांशी ओळख. रक्कम आधी ठरलेली नसते, ओगाची ऐपत आणि दानत यांवर ती अवलंबून. कॉसमास मादुका यांना नातेवाइकाकडचे काम सोडताना हातात 200 नायरा (नायजेरियाचे चलन) मिळाले होते. पुढे त्यांच्या कोशारिस कंपनीने नायजेरियात बीएमडब्ल्यू गाड्या विकल्या. बाहेरच्याला न उलगडणारी गोष्ट म्हणजे ओगा जाणूनबुजून आपल्याच गल्लीत स्पर्धक उभा करतो. पण इग्बो बाजारात माणसाचे वजन त्याने किती जणांना सेटल केले यावरूनही ठरते. ‘ओन्ये अघाला न्वान्ने या’, भावंडाला मागे टाकून जाऊ नये, हे वचन तिथे व्यवहारात वापरले जाते. शिवाय एकाच मालाची शंभर दुकाने एका जागी असली की गिऱ्हाईकही तिथेच येते, हा हिशेब आहेच.

अशी रीत जुनीच, पण आज दिसते त्या प्रमाणात ती पसरली यादवी युद्धानंतर. 1967 च्या मे महिन्यात देशाचा हा आग्नेय, इग्बोबहुल भाग ‘बियाफ्रा’ नावाने वेगळा झाल्याची घोषणा झाली, जुलैत युद्ध पेटले आणि जानेवारी 1970 मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. लाखो माणसे मेली, बरीचशी उपासमारीने. ‘कुणी जिंकले नाही, कुणी हरले नाही’ असे नायजेरियाचे लष्करी राज्यकर्ते जनरल गोवन यांनी जाहीर केले खरे. पण बियाफ्रातल्या खातेदारांच्या बँकेत कितीही रक्कम असली तरी त्यांना सरसकट 20 पौंड (तेव्हाचे नायजेरियन चलन) देण्यात आले. पोर्ट हारकोर्ट शहरातली इग्बोंची घरे ‘सोडून दिलेली मालमत्ता’ ठरली. 1972 च्या हुकमाने परदेशी कंपन्यांचा हिस्सा नायजेरियन लोकांना घेता येऊ लागला, तेव्हा इग्बोंच्या हातात घ्यायला पैसाच नव्हता. बँक नाही, सरकारी नोकऱ्यांत जागा तुटपुंज्या. मग ज्याचे दुकान कसेबसे उभे राहिले त्याने भावाचा, बहिणीचा, शेजाऱ्याचा मुलगा हाताखाली घेतला. ‘20 पौंड’ हे दोन शब्द आजही तिथल्या घरांत निघतात.

आज ओनित्शाचा मुख्य बाजार, आबा शहरातली आरियारिया बाजारपेठ (इथले बूट-चपलांचे कारागीर नावाजलेले), नैऋत्येला योरुबा लोकांच्या मुलखात असलेल्या लागोसमध्ये इलेक्ट्रॉनिक मालाचे अलाबा आणि मोटारीच्या सुट्या भागांचे लादिपो हे सगळे या पोऱ्यांच्या जिवावर चालतात. न्नेवी शहर तर सुट्या भागांसाठीच ओळखले जाते. इग्बो आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. न्नेवीच्या बाजाराचे नाव यातल्या शेवटच्या दिवसावरून पडले आहे. नायजेरियाच्या रस्त्यांवर पुण्याच्या बजाजची बॉक्सर मोटारसायकल आणि तीनचाकी ‘केके’ सर्रास दिसतात, तेव्हा आकुर्डीला ओळखीचे वाटावेत असे भाग तिथल्या दुकानांतही टांगलेले असतात. न्नेवीच्याच इनोसंट चुक्वुमांनी जोडलेल्या मोटारसायकली आणण्याऐवजी सुटे भाग कंटेनरमध्ये दाबून भरले आणि नायजेरियात जोडून स्वस्तात विकले. 2010 मध्ये त्यांचा इनोसन मोटारींचा कारखाना सुरू झाला.

या पद्धतीचे गोडवे हल्ली व्यवस्थापनशास्त्राचे लोक गातात. त्यात एक गोष्ट निसटते. सात वर्षे राबलेल्या पोराला शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन हाकलणारे ओगाही असतात, आणि तोंडी करारात पोराकडे दाखवायला काही नसते. उलट बाजूने, गल्ल्यातून थोडे थोडे काढून आपली सेटलमेंट आधीच करून घेणारे पोरेही असतात. पोराची शाळा सुटते ती वेगळीच. म्हणून बरेच पालक आता माध्यमिक शिक्षण संपल्याशिवाय मुलगा देत नाहीत. सात वर्षे थांबण्यापेक्षा देश सोडण्याची किंवा इंटरनेटवरच्या फसवणुकीची वाट धरणारेही आहेत, आणि चांगला पोऱ्या मिळत नाही ही ओगांची नेहमीची तक्रार.

राजकारण या दुकानांपासून लांब नाही. युद्धानंतर एकही इग्बो माणूस राष्ट्राध्यक्ष झालेला नाही. 1979 ते 1983 उपराष्ट्राध्यक्ष असलेले अ‍ॅलेक्स एक्वुएमे सर्वांत वर पोचले. 2023 मध्ये ओनित्शाचे व्यापारी आणि अनाम्ब्राचे माजी राज्यपाल पीटर ओबी उभे राहिले, हरले, पण लागोस राज्यात त्यांना सर्वाधिक मते पडली. लागलीच तिथल्या राज्यपालाच्या निवडणुकीत इग्बो मतदारांना धमकावण्याचे प्रकार झाले. परक्या शहरात बाजार उभारला तरी ते शहर आपले होत नाही, हा जुना सल पुन्हा वर आला. घरचीही कथा सुखाची नाही. फुटीरतावादी नेते न्नामदी कानू यांच्या अटकेनंतर, ऑगस्ट 2021 पासून आग्नेयेत सोमवारी घरी बसण्याचा फतवा निघाला. तो मोडण्याची भीती इतकी की कित्येक सोमवार बाजाराला टाळेच राहिले.

डिसेंबरात लागोसचे इग्बो व्यापारी गावी परततात. नायजर नदीवरच्या 1965 च्या पुलावर, ओनित्शाच्या समोरच्या काठावरच्या असाबा शहराच्या बाजूला, गाड्यांची रांग लागते. नाताळ आटोपला की ओगाच्या अंगणात कुणी ना कुणी आपला मुलगा घेऊन येते, कोलाचे फळ मागवले जाते, आणि जानेवारीत परतीच्या गाडीत एक पोरगा जास्त असतो.